चीनवाले सर

आमच्या कॉलेजातली मुलं खंदारे सरांना 'चीनवाले सर' म्हणायची. तोंडावर नाही, पण सरांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवलं, तर सरांनी ते पुसलं नाही. त्याच्याच खाली चीनचा नकाशा काढला आणि शिकवायला सुरुवात केली.

मी जिंतूरला मराठी शिकवायला लागले तेव्हा सरांना तिथं अर्थशास्त्र शिकवायला येऊन चार वर्षं झाली होती. दौलत खंदारे त्यांचं नाव. बुटके, अंगानं बारीक, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नवा खडू हातात घेतला की आधी मधोमध मोडायचे. अर्धा हातात, अर्धा खिशात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा आतून-बाहेरून पांढरा झालेला असायचा. लग्न केलेलं नव्हतं. बसस्टँडच्या मागे एका खोलीत राहायचे आणि संध्याकाळी रेडिओच्या खरखरीतून दूरदेशच्या हिंदी बातम्या शोधत बसायचे. पुड्याला गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा आधी वाचायचे, मग पुडा सोडायचे.

आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये पत्र्याची भिंत होती. तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. माझी मुलं कविता सोडून त्यांच्याकडेच कान लावायची आणि खरं सांगायचं तर मीही.

"चव्हाण, सकाळी काय खाल्लं?" सर विचारायचे.

"भाकर आन् पिठलं, सर."

"अंडं?"

"अंडं कुठलं सर. ते पाव्हणा आल्यावर."

"बरं. आता असं समज, चीनमध्ये तुझ्यासारखाच एक जण आहे. त्याच्याही घरी अंडं पाहुणा आल्यावरच शिजायचं. पण त्याला जमीन कसायला मिळाली, त्याच्या भावाला कारखान्यात काम मिळालं. तो म्हणाला, आता आठवड्यातून एकदा आपणही अंडं खाऊ. एकट्यानं म्हटलं तर जगाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण शंभर कोटी माणसांनी एकदम म्हटलं तर?"

मग कुणीतरी हळूच, "कोंबड्या लागतील, सर."

"कोंबड्या काय खातील?"

"दाणे."

"कुणाच्या शेतातले? तिथली जमीन पुरेल का?"

असं करत करत ते त्या अंड्याला समुद्र ओलांडायला लावायचे आणि तास संपेपर्यंत जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या बांधावर आणून ठेवायचे. "श्रीमंत देशांनी जगाला आजवर हवं तसं वाकवलं," ते म्हणायचे, "पण उद्या जग हलेल ते गरीब देशांच्या भुकेनं. चीन, आपण, ब्राझील. आपण गरीब आहोत, पण लहान नाही. हे दोन शब्द वेगळे आहेत, वहीत वेगळे लिहा."

'आपण गरीब आहोत, पण लहान नाही.' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मला ते फक्त देशाबद्दल आहे असं वाटेना.

कारण स्टाफरूममध्ये सर स्वतःचा पेला घेऊन यायचे. हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं, याची मला आजही लाज वाटते. कोपऱ्यात माठ होता, त्यावर स्टीलचे चार पेले पालथे असायचे. सरांच्या पिशवीत पितळी पेला. ते शिपायाला पाणी वरून ओतायला सांगायचे, प्यायचे, पेला विसळून पिशवीत. कुणी त्यांना तसं सांगितलं होतं का, मला माहीत नाही. सांगावं लागलं नसेल. एका दुपारी शिपाई नव्हता. मी माठातून एक पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं पाणी एका दमात प्यायले.

"गार आहे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पितळी पेला दिसला नाही.

त्यानंतर आमचं थोडं बोलणं सुरू झालं. आणि मग एक दिवस कळलं की माझं सासर आणि त्यांचं गाव एकच. जिंतूरपासून एसटीनं तासाभराचं. आमचा चिरेबंदी माळवदाचा वाडा गावाच्या मध्यावर, त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण ओढ्यापलीकडे मी एकदाही गेले नव्हते.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव वस्त्या पेटल्या. आमच्या गावातली वस्तीही पेटली. सासरी हा विषय कधी निघायचा नाही. मी सून होऊन आले तेव्हा ओढ्यापलीकडे नवे कूड उभे होते आणि कुणी काही सांगत नव्हतं. मला ते सरांनी सांगितलं, एकदाच.

"मी परभणीला होतो. तीन दिवस गाडी सुटली नाही. चौथ्या दिवशी पोचलो तर आई लिंबाखाली बसलेली, हातात दोन शेळ्यांची दावी. माझ्या एम.ए.च्या वह्या एका पेटीत होत्या, पुस्तकं होती. मला बघून ती काय म्हणाली माहिती आहे? म्हणाली, 'लेकरा, तुझी पेटी काढता आली न्हाई. आधी शेळ्या सोडल्या.' ती माझी माफी मागत होती, मॅडम."

त्यानंतर त्यांनी आईला जिंतूरला आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. गयाबाई आली नाही. "गाव काय त्यांच्या एकट्याचं हाय का," म्हणाली. जळालेल्या जागीच तिनं पुन्हा घर बांधलं. वस्तीतल्या दहा-बारा घरांनी गावाबाहेरचं गायरान कसायला घेतलं होतं, त्यात तिचाही एक तुकडा होता. गायरान म्हणजे गावची चराईची जमीन. आमच्याकडची तर नुसता मुरूम. बायांनी वर्षानुवर्षं दगड वेचून तिच्यात ज्वारी-तूर पिकेल एवढी माती वर आणली होती. पीक असं की कणसं मोजून घ्यावीत. म्हणूनच कुणी त्यांना अडवलं नव्हतं.

नव्वदच्या सुमारास सोयाबीन आमच्या भागात नवं नवं आलं. सर परभणीच्या कृषी विद्यापीठात दोनदा जाऊन आले, तिथल्या लोकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि बियाण्याच्या दोन पिशव्या मांडीवर घेऊन एसटीनं गावाला गेले. परत आल्यावर स्टाफरूममध्ये सगळी हकिगत त्यांनी आईचा आवाज काढून सांगितली. त्यांना मी इतकं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

"आईनं दाणा दाताखाली धरला आणि थुंकला. म्हणाली, 'ह्ये खायाचं कसं?' मी म्हटलं, खायचं नाही, विकायचं. 'मंग खातंय कोण?' म्हटलं, तेल निघतं, आणि पेंड बोटीनं जाते पूर्वेकडं, तिकडच्या कोंबड्या खातात. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, 'दौलत, तू एवढा शिकलास, आन् तुझ्या मायला कोंबड्यासाठी राबाया लावायलास व्हय.'"

वस्तीत त्या पिकाला 'कोंबड्याचं पीक' असं नावच पडलं.

पण ते आलं. पहिल्या वर्षी बेताचं, दुसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वर. सर जे दहा वर्षं फळ्यावर काढत होते, ते त्यांच्या आईच्या तुकड्यात हिरवंगार उभं राहिलं. गयाबाईच्या घरावर पत्रे आले. वस्तीतल्या दोन मुली जिंतूरला अकरावीत दाखल झाल्या. त्याच वेळी देशात सगळीकडे बाजार खुले करायची चर्चा होती. स्टाफरूममध्ये आमचे प्राचार्य म्हणाले, "आता परदेशी लोक आपल्याला गिळून टाकणार." सर म्हणाले, "सर, गिळायला आपण लहान नाही." आणि त्या वर्षी ते जरा ताठ चालत होते, असं मला आठवतं.

त्याच वर्षी पोळ्याला मी सासरी गेले होते. जेवताना माझे दीर, भास्करराव, ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "वैनी, तुमचे ते सर लय शिकवायलेत त्यान्ला."

"म्हणजे?"

"गायरान गावाचं हाय. मुरूम व्हता तंवर कोन बोललं न्हाई. आता तितं पीक यायलंय. गावची जनावरं कुटं चारायची?"

आमची जनावरं त्या गायरानात कधी जात नव्हती. आम्हाला कडब्याची कमी नव्हती. हे मला माहीत होतं, दिरांनाही माहीत होतं. मी वाढायला उठले. जिंतूरला आल्यावर सरांना सांगावं असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, घरातलं बोलणं बाहेर कशाला न्या. बोलतात लोक, विसरतात. मी सांगितलं नाही.

पुढच्या साली, शेंगा वाळून काढणीला आल्या होत्या तेव्हा, भर दुपारी गावातल्या बऱ्याच घरांनी आपापली जनावरं सोडली आणि गायरानात घातली. कुणी लपूनछपून केलं नाही. बाया धावल्या. गयाबाई तिच्या तुकड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हातात विळा होता तो तिनं खाली टाकला म्हणे, जनावराला लागू नये म्हणून. नुसते हात पसरून उभी राहिली. एका बैलाची धडक बसून ती पडली आणि तिचा खुबा मोडला. तासाभरात तिथं काही उरलं नाही.

तिला परभणीच्या दवाखान्यात आणलं. मी चौथ्या दिवशी गेले. सर बाहेर औषध आणायला गेले होते. पांढऱ्या चादरीखाली ती अगदी लहान दिसत होती. तोंडावर सुरकुत्या इतक्या की डोळे शोधावे लागत. मी पायाशी उभी राहिले.

"तू कोनाची गं, बाई?" तिनं विचारलं.

"मी सरांसोबत शिकवते."

"ते झालं. पर कोनाची?"

मी सासरचं नाव सांगितलं. तिनं नजर छताकडे वळवली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही.

"तुमचा पांढरा बैल," ती म्हणाली, "लय देखणा हाय."

मी नळावर जाऊन येते असं सांगून बाहेर आले आणि जिन्यात बसले. त्या बैलाला पोळ्याला मीच ओवाळलं होतं.

गयाबाई दोन महिने अंथरुणावर होती. मग गेली. तिला सरांनी गावालाच नेलं, तिची तशी इच्छा होती. मी गेले नाही. जायला हवं होतं, पण त्या गावात मी कुणाच्या घरून निघून ओढा ओलांडणार होते?

सर पंधरा दिवसांनी कॉलेजात आले. पत्र्याच्या भिंतीपलीकडे पुन्हा तास सुरू झाला. पुन्हा अंडं, पुन्हा कोंबड्या, पुन्हा बोट. माझ्या वर्गात मुलं निबंध लिहीत होती, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू येत होतं. "मागणी वाढली की पिकाला भाव येतो. पिकाला भाव आला की जमिनीला किंमत येते. जमिनीला किंमत आली की..." इथे सर थांबले. खडूचा आवाजही थांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सर वर्गाबाहेर पडले. घंटेला अजून वीस मिनिटं होती.

मी स्टाफरूममध्ये गेले तेव्हा ते खिडकीशी उभे होते.

"मॅडम, मी एक पायरी गाळून शिकवत होतो," ते म्हणाले. "चीनमधल्या ताटापासून आमच्या गायरानापर्यंत वाट कशी येते ते सांगितलं. त्या वाटेनं सगळ्यात आधी कोण येईल, ते सांगितलंच नाही. जमीन मुरमाची होती तेव्हा माझी आई सुखरूप होती. त्या जमिनीला किंमत आणून दिली ती मी."

तेव्हा मी त्यांना दिरांचं बोलणं सांगितलं. पोळ्याचं जेवण, ताट, सगळं. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली. "भास्करराव मलाही भेटले होते. बसस्टँडवर. तुमच्या आधीच."

"मग?"

"मी आईला सांगितलं नाही. मला वाटलं, चांगलं पीक बघितलं की माणसं स्वतःच्या शेतात तसंच पेरायला जातात. अर्थशास्त्रात तसंच आहे." ते हसले नाहीत. "तुम्ही सांगितलं असतं तरी मी तिला पेर म्हणूनच सांगितलं असतं, मॅडम. रडू नका."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नव्हती.

आमच्या वाड्यानं पुढच्या पावसाळ्यात पन्नास एकरांत सोयाबीन पेरलं. गायरान तसंच पडून राहिलं. जनावरं तिथं त्या एका दुपारीच चरली, पुन्हा कुणी नेली नाहीत.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. जिंतुरात निळा गुलाल उधळला, पोरं नाचली, म्हाताऱ्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. शिपायानं पेढे आणले. सरांनी एक पेढा घेतला, अर्धा मोडला, अर्धा मला दिला. "सोळा वर्षं," एवढंच म्हणाले. पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला. आईची आठवण आली का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. त्यानंतर महिनाभरात त्यांनी बिनपगारी रजा टाकली आणि वस्तीतल्या घरात राहायला गेले.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. हृदय बंद पडलं असं वर्तमानपत्रात चार ओळींत आलं. वय सेहेचाळीस. मुलांनी फळ्यावर फुलं वाहिली. प्राचार्यांनी 'कॉलेजचं भूषण' असं भाषण केलं. पण मला जे आठवतं ते त्याच्या काही आठवडे आधीचं आहे.

मी पेपर तपासायला परभणीला गेले होते. दुपारी कलेक्टर कचेरीवरून रिक्षानं जाताना रस्त्याकडेच्या झाडाखाली बायांचा घोळका बसलेला दिसला आणि त्यांच्यात मांडी घालून, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहीत असलेले सर. मी रिक्षा थांबवली. सर आणखी वाळले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हटलं आणि त्यांच्या शेजारी टेकले.

गायरान कसणाऱ्यांच्या नावावर करून द्यावं म्हणून ते एकेकीचा अर्ज लिहीत होते.

"मावशी, किती वर्षं झाली कसायला?" त्यांनी समोरच्या म्हातारीला विचारलं.

"वर्सं काय ठावं, बापा. माझी धाकली पोटात व्हती, तवा पयले दगड येचले."

"धाकटी किती वर्षांची?"

"तिला आता दोन लेकरं हायेत."

सरांनी त्या धाकटीला बोलावून तिचं वय विचारलं आणि अर्जात साल घातलं. अक्षर तेच, फळ्यावरचं, गोल आणि सरळ. मग त्यांनी अर्ज उलटा केला, मागच्या बाजूला बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मॅडम, प्रत्येक अर्जाला गावातल्या एका खातेदार घराची साक्ष लागते. ही जमीन इतकी वर्षं ह्यांनीच कसली, एवढंच. कुणी सही देत नाही. तुमचं नाव गावच्या यादीत आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेन पुढे केलं. बाया माझ्याकडे बघत होत्या. पेन माझ्या हातात आलं होतं, ते त्यांच्या हाताच्या घामानं ओलं होतं. मला वाडा दिसला, दीर दिसले, सासूबाई दिसल्या, माझ्या दोन मुलींच्या लग्नाच्या गोष्टी डोक्यात आल्या. त्या वेळी मोठी नऊ वर्षांची होती.

"घरी विचारून सांगते, सर," मी म्हणाले.

"बरं," सर म्हणाले. खरंच तसं म्हणाले, नेहमीच्या आवाजात. माझ्या हातातून पेन घेतलं, अर्ज बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला, वर एक दगड ठेवला. मग पुठ्ठ्यावर कोरा कागद घेतला आणि माझ्या खांद्यावरून मागे बसलेल्या बाईला विचारलं, "पुढचं नाव सांगा, मावशी."